आधी कापड सुटू दे

फ्लेक्सच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न मापाचा येतो आणि दुसरा भावाचा. ‘किती बाय किती?’ आणि ‘साधा लावू की स्टार?’ पुढची सगळी चर्चा चेहऱ्यांवर होते. कुणाचा फोटो मोठा, कुणाचा वरच्या रांगेत, शुभेच्छुकांची यादी कुठे थांबवायची, नावाआधी ‘मा.’ लावायचं की नाही. मंडळाची चार पोरं संगणकासमोर खुर्च्या ओढून तास-दीड तास बसतात, रंग दोनदा बदलून घेतात आणि छापलेली गुंडाळी खांद्यावर टाकून निघतात. ज्या गोष्टीवर त्या फलकाचं आयुष्य ठरणार, तिची चौकशी दुकानदारही करत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही: हा लागणार कुठे, तिथे वारा कुठून येतो, आणि तो किती दिवस राहणार?

साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत फ्लेक्स छापणारे, चौकटी जोडणारे वेल्डर, मांडववाले आणि मंडळांचे कार्यकर्ते यांच्याशी या विषयावर बोलत गेलो, तेव्हा एक समज सगळीकडे भेटला. टिकाऊ फलक म्हणजे जाड फलक. पैसे थोडे जास्त घाला, जड कापड घ्या, घट्ट बांधा, झालं. हा समज अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा जिवावर बेतणारा आहे. मोठ्या वाऱ्यात काहीतरी सुटणारच. ते कापड असावं, दोरी असावी की लोखंडी खांब, हे वाऱ्यावर सोडायचं की आपण आधी ठरवायचं, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो. माझ्या मते बाहेर लावायच्या फलकाची सगळी निवड या एका प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

वाऱ्याचा हिशेब एकदा समजून घेतला की पुढचं सगळं सोपं होतं. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस 875 या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यातलं मूळ सूत्र साधं आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 ने गुणायचं. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. आता चौकात नेहमी दिसणारा दहा बाय आठ फुटांचा फलक घ्या. ताशी 40 किलोमीटर वाऱ्यात त्याच्यावर ढोबळमानाने 56 किलोंचा जोर येतो, म्हणजे एक माणूस त्याला रेलून उभा राहिल्यासारखा. ताशी 80 किलोमीटरला तोच जोर सव्वादोनशे किलोंवर जातो. 120 ला पाचशे किलो. कापड तेच, दोरी तीच, खांबही तोच.

हाच हिशेब 13 मे 2024 च्या दुपारी घाटकोपरला माणसांच्या जिवावर आला. छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 जण गेले. धुळीचं वादळ, मागोमाग पाऊस, आणि आडोशाला पंपावर थांबलेली माणसं. मुंबई महापालिका 40 बाय 40 फुटांपर्यंतच परवानगी देते. हे होर्डिंग 120 बाय 120 फुटांचं होतं, क्षेत्रफळात नऊपट. तपासात व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांचा जो अहवाल पुढे आला, त्यातले तीन आकडे मला विसरता येत नाहीत. पायासकट तो सांगाडा ताशी 49 किलोमीटरचा वारा सोसू शकत होता. त्या दिवशी वारा 87 होता. मुंबईत असा सांगाडा 158 किलोमीटरच्या वाऱ्याला टिकेल असा असायला हवा होता. 49 आणि 87 हे आकडे शेजारी ठेवले तर फरक दुपटीहून कमी वाटतो. वर्ग करून पाहा: जोर तिपटीहून जास्त होतो. आणि जे असायला हवं होतं त्याच्या तुलनेत तो सांगाडा दहाव्या हिश्श्याचाही नव्हता. सूत्रात आकडे घातले तर त्या पत्र्या-कापडाच्या भिंतीवर त्या दुपारी पन्नास टनांच्या आसपास रेटा आला असणार.

घाटकोपरच्या वर्षभर आधी, 17 एप्रिल 2023 ला, पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला महामार्गालगतचं होर्डिंग पडून पाच जण गेले. वळवाचा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला म्हणून ती माणसं त्या सांगाड्याच्या आडोशाला उभी राहिली होती. 5 ऑक्टोबर 2018 ला पुण्यात जुन्या बाजाराजवळ तर वादळही नव्हतं. सांगाडा काढायचं काम चालू असताना तो सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर कोसळला आणि चौघं गेले. मोठ्या होर्डिंगचं शास्त्र वेगळं, आपल्या मंडळाच्या फलकाशी त्याचा काय संबंध, असं वाटू शकतं. पण 2019 च्या सप्टेंबरमध्ये चेन्नईत एका तरुण इंजिनिअर मुलीचा जीव गेला तो रस्त्याच्या दुभाजकावर लावलेल्या लग्नाच्या बॅनरमुळे. बॅनर स्कूटरवर पडला, ती खाली कोसळली आणि मागून येणारा टँकर अंगावरून गेला. लहान फलकही रस्त्यावर असला की लहान राहत नाही.

वारा सगळीकडे सारखा नसतो आणि वर्षभरही सारखा नसतो. आयएस 875 मध्ये शहरांसाठी वाऱ्याचे जे मूळ वेग दिले आहेत, त्यात मुंबई आणि नागपूरला सेकंदाला 44 मीटर, तर पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरला 39 मीटर धरला आहे. नागपूरचा आकडा समुद्रकाठच्या मुंबईइतकाच, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. पठारावरच्या उघड्या मुलखात उन्हाळ्याच्या शेवटी जी वादळं उठतात, ती ज्यांनी अनुभवली आहेत त्यांना वाटणार नाही.

वळवाच्या वाऱ्याची तऱ्हा सगळ्यांत फसवी. चैत्र-वैशाखात दुपारभर पान हलत नाही. चारच्या सुमारास ढग उभे राहतात, आणि पावसाचा थेंब पडायच्या आधीच ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चौफेर पसरते. तो पहिला झोत सगळ्यांत जोरकस असतो आणि तो कुठल्या बाजूने येईल ते सांगता येत नाही. आपले फलक मात्र एकाच दिशेचा विचार करून लावलेले असतात. मागे भिंत किंवा जाळी आहे ना, मग कुठे जातोय, असं म्हणून लाकडी चौकटीला चुका मारतात. समोरून वारा आला तर भिंत आधार देते, हे खरं. मागून किंवा कडेने आला की तोच वारा फलक भिंतीपासून ओढतो, आणि चुका ओढीला टिकत नाहीत. लग्नसराई याच महिन्यांत, जयंत्या आणि गावजत्रा याच महिन्यांत. वर्षातले सगळ्यांत जास्त तात्पुरते फलक आपण वर्षातल्या सगळ्यांत लहरी वाऱ्यात टांगतो.

आषाढ-श्रावणातला घाटमाथ्यावरचा आणि कोकणातला वारा वेगळा. तो एका दिशेचा, पश्चिमेकडचा, पण रात्रंदिवस वाहणारा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. इथे फलक एका फटक्यात जात नाही; फडफडून झिजतो. दर झुळकीला कापड त्याच रेघेवर दुमडतं, मग त्या रेघेवरचं आवरण तडकतं, आतला धागा उघडा पडतो, आणि आठवड्याभराने एखाद्या साध्या झुळकीत फाटतं. लोक त्या शेवटच्या झुळकीला दोष देतात. भाद्रपदात ऊन-पावसाचा खेळ आणि परतीच्या पावसाचा गडगडाट, म्हणजे पुन्हा झोत. दिवाळीपासून पुढे दोन-तीन महिने त्या मानाने निवांत. तेव्हा फलकाचा शत्रू वारा कमी आणि ऊन जास्त. गणपतीत टिकलेला माल मेमध्ये टिकेलच असं धरून चालू नये, ते यासाठी.

आता कापडाकडे वळू. आपण ज्याला फ्लेक्स म्हणतो तो म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला पीव्हीसीचा थर. ताकद धाग्यात असते. पीव्हीसी पाणी अडवतो, छपाईला गुळगुळीत पाठ देतो आणि वजन वाढवतो. दुकानात मालाची प्रत जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. साधा माल सव्वादोनशेच्या आसपास, स्टार म्हणतात तो तीनशेच्या आसपास, आणि मोठ्या होर्डिंगचा चारशेच्या वर. हे पडताळायला यंत्र लागत नाही. एक चौरस फुटाचा तुकडा कापून घ्या आणि किराण्याच्या काट्यावर ठेवा. 240 जीएसएमचा असेल तर 22 ग्रॅम भरेल, 280 चा 26, 340 चा साधारण 32. दुकानदाराने स्टार म्हणून साधा दिला असेल तर काटा लगेच सांगतो.

पण वजनावर सगळा विश्वास ठेवू नका, हे चांगले छपाईवालेच सांगतात. स्वस्त मालात पीव्हीसीमध्ये खडूची भुकटी जास्त घालून वजन वाढवता येतं आणि धागा मात्र विरळ राहतो. त्यासाठी दुसरी परीक्षा: तुकड्याच्या कडेला कात्रीने अर्धा इंच काप द्या आणि दोन्ही हातांनी फाडून पाहा. धागे दिसतील, ते किती जवळजवळ आहेत ते दिसेल, आणि आडवं फाडताना व उभं फाडताना किती जोर लागतो हेही कळेल. दोन्हीकडे सारखा जोर लागत नसेल तर जास्त चिवट बाजू वाऱ्याच्या ओढीच्या दिशेला ठेवून छापून घ्यायला सांगा. हे सांगणारं गिऱ्हाईक दुर्मीळ असतं. पण सांगितलं तर छपाईवाल्याला गुंडाळी फिरवायला काहीच अडचण नसते.

सतत वाऱ्याच्या जागी, उड्डाणपुलाच्या कठड्यावर, उंच इमारतीच्या गच्चीवर किंवा मैदानाच्या कुंपणावर, जाळीचा फ्लेक्स घ्यावा. त्याला बारीक भोकं असतात आणि त्यांतून थोडा वारा आरपार जातो. चित्र किंचित फिकं दिसतं, जवळून बारीक अक्षरं वाचायला त्रास होतो, दर जास्त पडतो. पण तिथे बारीक अक्षरं वाचायला कोण थांबतो? अशा ठिकाणी मोठं नाव, तारीख आणि जागा एवढं पुरतं. जाळीचा माल मिळत नाही म्हणून साध्या फ्लेक्सला अर्धचंद्राकार काप देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मला ती पटत नाही. दहा-बारा कापांतून जेवढा वारा निघून जातो तो एकूण जोराच्या मानाने फार थोडा असतो, आणि प्रत्येक कापाचं टोक हे फाटण्याची सुरुवात करून दिलेली जागा असते. काप द्यायचेच असतील तर टोकाला गोल भोक पाडून मग द्या. सरळ रेघेत संपणारा काप कधीही देऊ नका.

कापडापेक्षा काठावर जास्त फलक जातात. दहा बाय आठचा फलक चार कोपऱ्यांवर बांधला तर ताशी 80 किलोमीटरच्या वाऱ्यात प्रत्येक कोपऱ्यावर 56 किलोंची ओढ येते. तोच फलक चारी बाजूंनी दर दोन फुटांवर रिंगा मारून बांधला, म्हणजे 36 फुटांच्या परिघावर 18 रिंगा, तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेबारा किलो येतात. रिंग साध्या कापडात मारली तर कापडातूनच निघून येते, म्हणून आधी कड दुमडून दुहेरी करायची, जमलं तर दुमडीत दोरी घालायची, आणि मग रिंग मारायची. कोपऱ्यांवर आतून जाडशा कापडाचा तुकडा लावावा. सांधा असेल तर तो सोल्युशनने चिकटवलेला आहे की तापवून जोडलेला, ते विचारा. मेच्या उन्हात सोल्युशनचा सांधा उलगडताना मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. या सगळ्याला दुकानात अर्धा तास आणि चार पैसे जास्त लागतात. हे चार पैसे वाचवून जड माल घेण्यात काही अर्थ नाही.

बांधणीत आपण आणखी एक चूक करतो ती ताणून बांधण्याची. रस्त्याच्या दोन बाजूंच्या खांबांमध्ये दोरी जितकी सरळ ताणाल तितकी तिच्यावरची ओढ वाढते. अंतराच्या विसाव्या भागाइतका झोळ ठेवला तर दोन्ही टोकांवर एकूण जोराच्या अडीचपट ओढ येते. तोच झोळ दहाव्या भागाइतका केला की ओढ निम्म्यावर येते. गावोगावी मात्र फलक एकदम सरळ दिसायला हवा म्हणून दोघं-तिघं मिळून दोरी खेचतात आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ती तुटते किंवा खांबच वाकवते. इथे एक बारकावा आहे. कापड चौकटीत ताठ हवं, नाहीतर फडफडून झिजेल. पण चौकट आणि खांब यांच्यामधली बांधणी थोडी लवचिक हवी. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या यासाठी उत्तम चालतात, झोत आला की ताणतात आणि गेला की परत येतात.

आणि आता तो मूळ प्रश्न. काय आधी सुटावं? इथे मला सगळ्यांत पटलेली रीत म्हणजे वरच्या कडेला नायलॉनची मजबूत दोरी आणि खालच्या कडेला सुतळी. साध्या वाऱ्यात दोन्ही धरून ठेवतात. मोठा झोत आला की खालची सुतळी तुटते, फलक वरच्या कडेवर लोंबकळत वाऱ्याच्या दिशेने आडवा होतो आणि त्याच्यावरचा जोर एकदम उतरतो. खांब उभा राहतो, चौकट वाकत नाही, दुसऱ्या दिवशी सुतळी पुन्हा बांधली की झालं. पण खालून रहदारी जात असेल किंवा शेजारी विजेची तार असेल तर ही रीत वापरू नका, कारण सुटलेलं कापड कुणाच्या तोंडावर आपटेल किंवा तारेत अडकेल. खरं सांगायचं तर रस्त्यावर आडवा फलक लावूच नये आणि विजेच्या खांबाला किंवा तारेजवळ तर कधीही बांधू नये. ओली लोखंडी चौकट आणि वीज यांच्यामध्ये फार थोडं अंतर असतं. मोठ्या होर्डिंगवाल्यांतले जाणकार वादळाचा इशारा मिळाला की आधी फ्लेक्स उतरवतात. रिकाम्या सांगाड्यातून वारा वाहून जातो. कापडासाठी लोखंड गमवायचं नाही, हे त्यांना कळलेलं असतं. उशीर झाला असेल तर वर चढून कापड कापून टाकतात; पण सुटलेल्या वाऱ्यात माणूस वर चढवणं हाही गुन्हाच म्हणायला हवा. निर्णय वाऱ्याच्या आधी व्हायला हवा.

ज्याला मोकळेपणाने वळता येतं त्याच्यावर वारा कमी जोर करतो, हे आपल्या मुलखाला फार आधीपासून ठाऊक आहे. चार कोपऱ्यांत बांधलेला फलक शिडासारखा वारा अडवतो. एका बाजूने बांधलेली पताका वाऱ्याच्या दिशेने वळते. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढते तेव्हा घाटात वारा आणि पाऊस दोन्ही अंगावर येतात. दिंडीच्या पुढे खांद्यावर पताका घेतलेले वारकरी त्या वाऱ्यात चालत असतात, आणि पताका टिकते, कारण कापड लहान आहे, सुती आहे, तीन बाजूंनी मोकळं आहे आणि काठी माणसाच्या खांद्यावर आहे. झोत आला की माणूस किंचित वळतो. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला नाचणाऱ्या सासनकाठ्यांत उंचीचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवलेला दिसतो: उंच बांबू, वरून सोडलेल्या दोऱ्या, आणि त्या दोऱ्या धरून तोल सांभाळणारी माणसं. दोरी धरणारा हात झोताबरोबर सैल होतो आणि लगेच ताठ होतो. लोखंडी खांबाला हे जमत नाही.

म्हणूनच वाऱ्याच्या जागी फलकापेक्षा उभे झेंडे बरे पडतात. दुकानाच्या दाराशी, शाळेच्या मैदानावर, स्पर्धेच्या मार्गावर फिरत्या बुडख्यावरचा पॉलिस्टरचा उंच झेंडा वाऱ्याबरोबर वळतो. घरात किंवा सभागृहात वापरायची गुंडाळी स्टँडी मात्र बाहेर ठेवू नये. तिचं बूड हलकं आणि अंग रुंद, साध्या झुळकीतही ती पालथी पडते. झेंड्यात नायलॉनपेक्षा पॉलिस्टर उन्हात जास्त टिकतं आणि पाणीही जवळपास पीत नाही. सुती कापड पावसात जड होतं, आटतं, बुरशी धरतं, पण जवळून पाहायला आणि हाताला त्याच्यासारखं दुसरं नाही. झेंडा झिजतो तो नेहमी काठीपासून लांबच्या कडेने, कारण फडफडीचा शेवटचा फटका तिथे बसतो. त्या कडेला दुहेरी-तिहेरी शिलाई आणि कोपऱ्यांना नागमोडी टाके घातले की आयुष्य वाढतं. कड विरायला लागली की लगेच दोन इंच कापून पुन्हा दुमडून शिवावी. गडावर भगवा लावणाऱ्या मंडळांनी तर सुई-दोरा बरोबर ठेवायला हवा.

राष्ट्रध्वजाला मात्र ही कापून शिवण्याची मुभा नाही. फाटलेला किंवा मळलेला ध्वज फडकवायचा नाही, असं ध्वजसंहिता सांगते, आणि तो खासगीत, सन्मानपूर्वक नष्ट करायचा असतो. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने हातविणीच्या खादीबरोबर यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. उंचीची हौस आली की ध्वज फाटण्याचा प्रश्न टोकाला जातो. रांचीच्या पहाडी मंदिरावर 2016 च्या जानेवारीत 293 फूट उंच खांबावर ध्वज फडकला. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्या सोहळ्याला होते. टेकडीवरच्या वाऱ्यात तो ध्वज वारंवार फाटला. जमिनीपासून जितकं वर जावं तितका वारा जोरकस होतो आणि कापड जितकं मोठं तितका त्याच्या कडेचा फटका मोठा. उंच ध्वज उभारणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने खांबाच्या खर्चाबरोबर दरवर्षी लागणाऱ्या ध्वजांचाही खर्च आधीच मांडायला हवा.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा 1995 पासून आहे. साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 ला बेकायदा फलकांबाबत महापालिका आणि नगरपालिकांना सविस्तर आदेश दिले. परवानगीच्या कागदावर जागा, माप आणि मुदत असते. त्यात बांधणीचा आराखडा आणि उतरवणाऱ्याचं नावही असावं, असं मला वाटतं. कारण बहुतेक फलक लावण्याच्या दिवशी धडधाकट असतात. कार्यक्रम झाल्यावर पंधरा-वीस दिवस ते तसेच राहतात, सुतळी कुजते, चुका गंजतात, आणि नेमका तेव्हा वारा येतो.

प्लॅस्टिकच्या बाबतीत आपण स्वतःची एक सोयीची समजूत करून घेतली आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक किंवा पीव्हीसीच्या बॅनरवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. नेहमीचा फ्लेक्स त्याहून कितीतरी जाड असल्याने तो या बंदीतून सुटतो. त्यामुळे फ्लेक्स चालतो, असं दुकानदार बेधडक सांगतात आणि कायद्याच्या अक्षरात ते बरोबर असतं. पण पीव्हीसी जाळला की हायड्रोक्लोरिक आम्लाचे वायू निघतात आणि विषारी डायॉक्सिनही तयार होऊ शकतात. गावात फ्लेक्स जाळू नये, एवढं तरी प्रत्येक ग्रामपंचायतीने ठामपणे सांगावं. जुना फ्लेक्स वाया जात नाही, हे खरं. कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या पाखाडीवर, चाळीतल्या कांद्यावर पावसात तोच अंथरलेला दिसतो, छापलेली बाजू खाली आणि पांढरी वर. उन्हात तो दोन-तीन वर्षांत कडक होऊन तुकड्या-तुकड्यांनी मातीत जातो. म्हणून निवड करतानाच मुदत ठरवावी. दोन दिवसांच्या कार्यक्रमाला मांजरपाट किंवा पॉलिस्टरचं छापील कापड पुरतं, धुऊन पुढच्या वर्षी तारीख बदलून वापरता येतं. पंधरवड्याच्या उत्सवाला चांगला स्टार किंवा जाळीचा माल, काठ नीट करून. महिन्याच्या वर जायचं असेल तर बाहेर कापड टांगण्याचा विचारच सोडावा.

शाळेचं नाव, दवाखान्याची वेळ, दूध संस्थेचे दर, गावची हद्द असा वर्षानुवर्षं न बदलणारा मजकूर आपण आजकाल फ्लेक्सवर छापतो आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा छापतो. फ्लेक्स येण्याआधी तो भिंतीवर रंगवला जायचा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्यापासून गावच्या चौकातल्या पाट्या लिहिणाऱ्यापर्यंत या कामाची मोठी परंपरा महाराष्ट्रात होती, आणि दोन हजारच्या सुमारास फ्लेक्स आला तशी ती हातातून गेली. अनेक पेंटर नंबरप्लेट आणि घरांच्या रंगकामाकडे वळले. पण तालुक्याच्या गावांत ते अजून भेटतात, अक्षरांचं वळण अजून त्यांच्या हातात आहे. रंगवलेल्या भिंतीला खांब लागत नाही, रिंगा लागत नाहीत, परवानगीच्या मुदतीनंतर काही उतरवायचं राहत नाही. वारा कितीही आला तरी तिच्यावर त्याचा वेगळा जोर येत नाही. पुढच्या वेळी कायमच्या मजकुरासाठी फ्लेक्सची ऑर्डर द्यायला निघालात, तर आधी गावातला पेंटर कुठे बसतो ते विचारा, आणि जवळ पक्की, सलग, गिलावा केलेली भिंत आहे का तेवढं पाहून ठेवा.